बेल्टवाल्या बाइकचा बेल्ट ताणायचा आणि मागचं चाक सरळ बसवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

चेनवरून बेल्टवाल्या बाइकवर आलं की पहिला महिना मजेत जातो, ल्यूब नाही, पँटीवर काळे डाग नाहीत, खळखळ नाही, आणि मग एक दिवस कोणीतरी गॅरेजवाला अंगठ्याने बेल्ट दाबून बघतो आणि म्हणतो, "साहेब ढिला झालाय, टाइट करून देतो." माझं अगदी असंच झालं. हार्लीची जुनी स्ट्रीट ७५० घेतली होती, सेकंडहँड, विक्रोळीत जवळच सर्व्हिसला टाकली, मेकॅनिक पोरगा चांगला होता, बुलेट-पल्सरवर हात बसलेला, त्याने चेन ताणतात तसा बेल्ट ताणून दिला. दुसऱ्या दिवशी ऐरोली पुलावर साठ-सत्तरच्या पुढे गेलो की मागून मिक्सर लावल्यासारखा कुईंऽऽ आवाज. मला वाटलं बेअरिंग गेलं. पंधरा दिवस तसाच फिरलो आणि शेवटी मॅन्युअल उघडून बसलो तेव्हा कळलं की बेल्ट हाताने बघायचा नसतो, मोजायचा असतो.

तर हे त्यांच्यासाठी, ज्यांनी आयुष्यात फार तर चेन टाइट केलीय किंवा तीही केली नाही. रविवारची सकाळ पुरते, पहिल्यांदा तीन तास धरा, नंतर पाऊण तासात होतं.

आधी एक गोंधळ काढून टाकू. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये जो बेल्ट असतो तो वेगळा, तो आत बंद डब्यात असतो, त्याचा या लेखाशी संबंध नाही. आपण बोलतोय ते मागच्या चाकाच्या मोठ्या पुलीवर उघडा दिसणाऱ्या दातेरी बेल्टबद्दल. हार्लीने हा प्रकार १९८० च्या स्टर्जिस मॉडेलवर आणला आणि मग हळूहळू सगळीकडे केला, आपल्याकडे स्ट्रीट ७५०, आयर्न ८८३ वगैरेंना तोच. एथर ४५० ही इलेक्ट्रिक स्कूटर आणि रिव्होल्टची आरव्ही ४०० ही इलेक्ट्रिक बाइक, यांना पण दातेरी बेल्ट आहे, पण त्या वॉरंटीत असतील तर उगाच पाना लावू नका, सर्व्हिसला न्या आणि तिथे उभं राहून बघा. हार्लीने २०२० मध्ये इथलं उत्पादन गुंडाळल्यापासून जुन्या गाड्या हातोहात फिरतायत आणि बेल्ट माहीत असलेला मेकॅनिक कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळत नाही, म्हणून स्वतः शिकलेलं बरं.

सामान काय लागतं

मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याच्या, नटाचा बरोबर साइजचा गोटी पाना, आणि बरोबर म्हणजे बरोबर, ॲडजस्टेबल पान्याने हा नट उघडू नका, कडा गोल झाल्या की पुढचं सगळं अवघड. हार्लीच्या बऱ्याच मॉडेलना इंची नट-बोल्ट असतात, मिलिमीटरची गोटी "बसल्यासारखी" वाटते आणि जोर लावला की सटकते. ॲडजस्टरसाठी, म्हणजे एक्सल मागेपुढे सरकवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांसाठी, दोन रिंग पाने. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळताय ते दाखवणारा पाना, हा विकत घ्यायचा नसेल तर कोणाकडून मागून आणा पण त्याच्याशिवाय शेवटची पायरी करू नका. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर हे सगळं एका फेरीत मिळतं, भाव करावा लागतो एवढंच, आणि रविवारी बंद असतं त्यामुळे शनिवारी जा.

मग एक स्टीलची सहा इंची पट्टी, टॉर्च, खडू, नवीन स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) जर तुमच्या एक्सलला असेल तर, आणि सामान मोजायचा हातात धरायचा डिजिटल काटा, तोच जो लोक एअरपोर्टला जायच्या आधी बॅग लटकवून बघतात. हा काटाच आपला हिरो आहे. कंपनीचा बेल्ट टेन्शन गेज असतो पण घरी वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी मी तरी पैसे घातले नाहीत. शिवाय तीन मिमी जाडीची सरळ तार, गॅस वेल्डिंगवाल्याकडे मीटरभर लांब मिळते, आणि तिच्यावर घट्ट सरकेल अशी एक रबरी रिंग. ही कशाला ते पुढे.

मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड असेल तर उत्तम. स्टँड स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, खालून लावायचा असतो, फ्रेमखाली जॅक लावून चाक लोंबकळत ठेवलं तर स्विंगआर्म खाली जाते आणि बेल्टचा ताण वेगळाच दाखवतो. कारण पुढची पुली आणि स्विंगआर्मचा पिव्हट, म्हणजे ती जिथे हलते तो सांधा, एकाच जागी नसतात, त्यामुळे चाक वरखाली झालं की दोन पुलींमधलं अंतर थोडं बदलतं. म्हणूनच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की गाडी कशी उभी करून मोजायची, साइड स्टँडवर की सरळ, माणूस बसवून की रिकामी. जसं लिहिलंय तसंच करा, नाहीतर आकडा बरोबर येऊनही अर्थ चुकीचा.

मोजण्याआधी बेल्ट नीट बघा

हे लोक सोडतात आणि मी म्हणेन की हेच सगळ्यात महत्त्वाचं. खराब बेल्टचा ताण सेट करून काय उपयोग. गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, चावी खिशात. हे चावी खिशात मी मस्करीत म्हणत नाही, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत बेल्ट पुसणारे लोक मी पाहिलेत, पुली आणि बेल्टच्या मध्ये बोट गेलं तर बोट परत येत नाही. चाक हातानेच फिरवायचं, आणि हात टायरवर, बेल्टच्या जवळ नाही.

आता टॉर्च मारून एकेक वीतभर बेल्ट बघत पूर्ण फेरा करा. सुरुवात कुठे केली ते खडूने मार्क करा नाहीतर तोच भाग तीनदा बघाल. दातांच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा असतील तर गाडी चालवता येते पण लक्ष ठेवायचं. कडेला थोडे धागे सुटून केसाळ दिसत असेल, तेही चालतं, लक्ष ठेवायचं. बाहेरची कड तिरकी घासलेली, तेही तसंच. पण दाताच्या बाहेरून दिसणारी भेग, एखादा दात गेलेला, किंवा दात घासून आकड्यासारखे वाकडे झालेले, यातलं काहीही दिसलं की बेल्ट बदलायचा, तिथे चर्चा नाही. आणि दगडाची जखम. मुंबईत बेल्टचा खरा शत्रू हाच. पावसाळ्यात खड्डे बुजवायला टाकलेली खडी आठवड्यात सुटून रस्ताभर पसरते आणि एखादा खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये जातो, मग बेल्टमध्ये आरपार भोक पडतं. भोक मधोमध आणि बारीक असेल तर लक्ष ठेवून चालवतात, कडेला असेल तर बदला, कारण तिथूनच फाटत जातो. माझ्या बेल्टच्या मध्यावर तुरीच्या डाळीएवढा एक खळगा आहे, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची देणगी, दर वेळी त्याच्याशेजारी पट्टी धरून फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून बघतो. अजून वाढला नाही.

पुलीचे दात पण बघा, मध्ये अडकलेली खडी असेल तर लाकडी काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. बेल्ट धुवायचा असेल तर साधं साबणाचं पाणी. चेन ल्यूब, ग्रीस, डिझेल, पेट्रोल, काहीही लावायचं नाही. आणि बेल्ट कधी काढलाच तर त्याला पुढच्या लहान पुलीपेक्षा छोट्या घेरात दुमडायचा नाही, पीळ द्यायचा नाही, उलटा वाकवायचा तर अजिबातच नाही, आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

आमच्या तळमजल्यावरचे तात्या मिलमध्ये फिटर होते, शाफ्टवरून चालणारे चामड्याचे पट्टे त्यांनी हाताळलेत. मी कंपाऊंडमध्ये सामान मांडलं की ते चहाचा कप घेऊन खुर्ची टाकून बसतातच. ते म्हणाले, "थोडी राळ लाव रे पट्ट्याला, सरकायचा नाही." मी म्हटलं तात्या, हा सपाट पट्टा नाही, याला दात आहेत, याला राळ लावली तर धूळ चिकटून दात खाईल. पटलं नाही त्यांना, पण पुढे ते उपयोगाला आले.

ताण मोजणं

बेल्ट थंड पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या, चालवून आल्या आल्या मोजू नका.

दुसरं, बेल्ट सगळीकडे सारखा घट्ट नसतो. चाक थोडं थोडं पुढे फिरवत बेल्टची खालची बाजू दर वेळी हाताने हलकी दाबून बघा, कुठेतरी जास्त घट्ट लागेल आणि कुठेतरी ढिली. सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथे थांबा, खडूने खूण करा, मोजमाप तिथेच. ढिल्या जागेवर मोजून सेट केलं तर घट्ट जागा आली की बेल्ट वायरसारखा ताणला जातो.

मग बेल्टच्या खालच्या बाजूचा मध्य काढा, दोन पुलींच्या मधला. तिथे कापडाची इंचभर रुंद पट्टी गुंडाळून तिचा फास करा आणि फासात काट्याचा हुक. आता खाली ओढायचं, काट्यावर ४.५ किलो येईपर्यंत. हा आकडा १० पाउंडाचा आहे, हार्लीच्या मॅन्युअलमध्ये तोच जोर धरलेला असतो, आणि एवढ्या जोराला बेल्ट किती मिमी सरकला ते बघायचं. तुमच्या मॉडेलचा मिमीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कोणीतरी ग्रुपवर टाकलेला घेऊ नका, मॉडेल आणि वर्षाप्रमाणे तो बदलतो. काही गाड्यांना बेल्टच्या कव्हरला छोटी खिडकी आणि आखलेल्या रेघा असतात, मग पट्टीची पण गरज नाही.

हे एकट्याने जमत नाही. पट्टी उभी धरायची, ओढायचं आणि वाचायचं, हात कमी पडतात. मी जमिनीवर लादीचा तुकडा ठेवला, त्याला स्टीलची पट्टी टेकवून टेपने उभी केली, आणि तात्यांना सांगितलं तुम्ही फक्त वाचा. ते खुर्ची सोडून चक्क मांडी घालून खाली बसले, चष्मा कपाळावर, डोळा बेल्टच्या पातळीला. आधी न ओढता बेल्टची खालची कड कुठे आहे ते वाचलं, मग मी ओढलं, काटा चार दोन, चार चार, चार पाच, "हां थांब," परत वाचलं. वजाबाकी केली तर मॅन्युअलमध्ये होतं त्याच्या निम्मंच. म्हणजे तो मिक्सरचा आवाज बेल्टचाच होता, त्या पोराने भयंकर ताणला होता. तीनदा मोजा आणि तिन्ही आकडे लिहा, मिलिमीटरभर फरक आला तर तुमचं ओढणं सरळ खाली जात नाहीये.

जास्त घट्ट असल्याने काय होतं ते मी सांगितलंच, शिवाय चाकाचं आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग विनाकारण दाबलं जातं. जास्त ढिला असेल तर जोरात क्लच सोडल्यावर किंवा गिअर खाली टाकल्यावर बेल्टचा दात पुलीच्या दातावरून उडी मारतो, टक्क असा आवाज येतो, आणि असं दोन-चारदा झालं की बेल्टची वाट.

आता पाना हातात घ्या

आकडा मर्यादेत असेल तर ताणाला हात लावू नका. खरंच. गाडी पुसा आणि ठेवून द्या, फक्त चाक सरळ आहे का तेवढं बघा.

बदलायचंच असेल तर स्प्लिट पिन काढा, एक्सलचा नट ढिला करा, पूर्ण काढायचा नाही, चाक हाताने ढकलल्यावर हलेल इतकाच. हा नट सहज सुटत नाही, लांब दांडा लावा आणि गाडी स्टँडवरून पडणार नाही याची खात्री करून मगच जोर लावा, शक्यतो गाडी जमिनीवर असतानाच पहिला झटका द्या, मग स्टँडला घ्या. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या ॲडजस्टरचे आटे गंजलेले असतील, वरळी-कुलाब्याकडच्या गाड्यांचे हमखास, आदल्या रात्री डब्ल्यूडी-फॉर्टी मारून ठेवा पण बेल्टवर फडकं टाकून, एकही थेंब बेल्टवर नको.

मग दोन्ही बाजूंचे चेकनट, म्हणजे ॲडजस्टर जागेवर धरणारे नट, सोडा. ॲडजस्टर फिरवायच्या आधी मार्करने त्याच्या डोक्याच्या एका कडेवर ठिपका द्या, दोन्ही बाजूंना. आता हिशोब कडांनी करायचा, वळशांनी नाही. आठ मिमीचा नेहमीचा आटा असेल तर एका पूर्ण वळशाला एक्सल सव्वा मिमी सरकतो, आणि षटकोनी डोक्याच्या एका कडेला साधारण ०.२ मिमी. बेल्टला तेवढ्यानेही फरक पडतो. डावीकडे एक कड, उजवीकडे एक कड, पुन्हा मोजा. डावीकडे एक, उजवीकडे एक, पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे. पण नवीन माणूस हमखास एका बाजूला तीन वळसे देतो आणि मग दुसऱ्या बाजूला "अंदाजे तेवढेच", आणि तिथून चाक तिरकं व्हायला सुरुवात होते.

बेल्ट ढिला करायचा असेल, माझ्यासारखा, तर ॲडजस्टर सोडल्यावर चाक आपोआप पुढे येत नाही, तळहाताने किंवा रबरी हातोड्याने टायरला मागून ठोकून पुढे सरकवावं लागतं, म्हणजे एक्सल दोन्हीकडे ॲडजस्टरला टेकतो. टेकला नाही तर तुम्ही मोजताय ते खोटं. आणि ढिला करताना थोडा जास्तच ढिला करून मग ताणत ताणत आकड्यावर या, उलट करू नका. चेनवाले एक युक्ती करतात, चकरी आणि चेनच्या मध्ये फडकं किंवा स्क्रू ड्रायव्हर अडकवून चाक मागे फिरवतात म्हणजे एक्सल पुढे घट्ट बसतो. बेल्टवर हे करायचं नाही, एका सेकंदात दोन दात जातील.

चाक सरळ आहे का

स्विंगआर्मवर रेघांच्या खुणा असतात, दोन्हीकडे सारख्या रेघेवर आणलं की झालं असं सगळे समजतात. सुरुवातीला ठीक आहे, पण त्या खुणा जाड असतात, स्टिकरवर असतील तर स्टिकर वाकडा लागलेला असू शकतो, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तर मी त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही. जरा हिशोब बघा. एक्सलची एक बाजू दुसरीपेक्षा १ मिमी मागे राहिली, आणि दोन ॲडजस्टरमधलं अंतर बावीस सेंटीमीटर धरलं, तर दीड मीटर पुढे, म्हणजे पुढच्या चाकापाशी, मागच्या चाकाची रेघ जवळपास ७ मिमी बाजूला जाते. गाडी सरळ चालते पण हँडल किंचित वळवून धरावं लागतं, टायर एका बाजूने झिजतो आणि बेल्ट पुलीच्या कडेला जाऊन घासतो.

त्यासाठी ती तार. एका टोकाला काटकोनात वाकवा आणि टोकाला कानशीने थोडी अणी करा. अणी स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टच्या मधोमध टेकवा, बहुतेक बोल्टच्या डोक्याला मध्ये छोटा खड्डा असतो. तार सरळ मागे एक्सलच्या मध्यापर्यंत न्या आणि रबरी रिंग सरकवत बरोबर एक्सलच्या केंद्रावर आणा. आता रिंग न हलवता तीच तार गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावा. रिंग तिथेही केंद्रावर आली तर चाक सरळ. हार्लीच्या मॅन्युअलमध्ये अशीच तार करायला सांगतात, आणि दोन्ही बाजूंत १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिमीपर्यंत फरक चालतो. मी अर्ध्याच्या आत आणतो, पण ते माझं वेड आहे.

पिव्हटपर्यंत तार पोचत नसेल, सायलेन्सर आड येत असेल, तर दोरी. जाड सुतळी नको, पतंगाचा साधा दोरा किंवा मासे धरायची नायलॉन. मागच्या टायरच्या मागून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोरा घालून दोन्ही टोकं पुढे आणा आणि पुढच्या चाकाच्या पुढे दोन विटांना बांधा. विटा आतबाहेर सरकवत दोरा मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही कडांना नुसता टेकेल असं करा. पुढचा टायर बारीक असतो म्हणून तिथे दोन्हीकडे फट राहते, ती फट डावी-उजवी सारखी असली पाहिजे. हँडल एकदम सरळ धरून. सोसायटीच्या कंपाऊंडमध्ये हे करताना एक पोरगं सायकल घेऊन दोऱ्यात अडकतंच, माझ्या वेळेला दोनदा, त्यामुळे सकाळी सातच्या आत उरका.

चाक तिरकं निघालं तर एकाच बाजूचा ॲडजस्टर अर्धी कड, एक कड असा हलवा, पण मग ताणही बदलतो. म्हणून ताण, सरळपणा, परत ताण, परत सरळपणा, दोन-तीन फेऱ्या होतात. दोन्ही एकदम जुळले की पुढे.

आवळणं, आणि आवळल्यावर परत मोजणं

चेकनट हलकेच आवळा, ॲडजस्टर फिरू न देता, म्हणून दोन पाने लागतात. मग एक्सलचा नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर. युनिट बघा: १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, आणि १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. रेंचवर एक छापलेलं आणि मॅन्युअलमध्ये दुसरं, असं झालं तर मोबाइलवर गुणाकार करा, अंदाज नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. नट आवळला, सामान आवरलं, तात्यांना चहा पाजला, फिरायला गेलो, आणि आवाज थोडा कमी पण आहेच. परत येऊन मोजलं तर बेल्ट परत घट्ट. नट आवळताना एक्सल थोडा फिरतो आणि सोबत चाक किंचित मागे खेचून नेतो. म्हणून आवळल्यानंतर काटा परत लावायचाच, आणि तार पण परत. बदललं असेल तर सगळं सोडून परत, आणि या वेळी आवळताना आकडा जितका बदलला तेवढा आधीच धरून सेट करा. मला तिसऱ्या खेपेला जमलं.

नंतर चाक हाताने पुढच्या दिशेने दहा-बारा वेळा फिरवा आणि बेल्ट मागच्या पुलीवर कुठे धावतोय ते बघा. पुढच्याच दिशेने, उलट फिरवलं की बेल्ट वेगळीकडे सरकतो आणि गोंधळ होतो. इथे तात्या कामाला आले. त्यांनी खडू घेतला, पुलीच्या दोन्ही कडांच्या आतल्या बाजूला खडूचा पातळ थर दिला, म्हणाले आता फिरव. वीस फेरे झाल्यावर उजवीकडचा खडू जागच्या जागी आणि डावीकडचा पुसलेला, म्हणजे बेल्ट डावी कड घासत होता, जे नुसत्या डोळ्याला दिसलं नव्हतं. "पट्टा पळतो म्हणजे पुली वाकडी, मिलमध्ये पण हेच," इति तात्या. हलका स्पर्श चालतो, बेल्ट एका बाजूला थोडा झुकलेला असणं नेहमीचं आहे, पण कडेवर दाबून घासत असेल, कडेवर बेल्टचा काळा भुगा दिसत असेल, तर एका बाजूचा ॲडजस्टर अर्धी कड हलवून परत फिरवून बघा, बेल्ट कुठे जातोय ते तोच सांगेल. ०.८ मिमीच्या आत राहूनच हे खेळायचं. त्या हद्दीत बेल्ट मधे येतच नसेल तर चाकाचं बेअरिंग, स्पेसर चुकीच्या बाजूला बसवलेला, किंवा कधीतरी पडलेली गाडी, यातलं काहीतरी आहे आणि ते मेकॅनिककडेच.

शेवटी नवीन स्प्लिट पिन, जुनी सरळ करून वापरू नका, दोन-पाच रुपयांसाठी. आणि गाडी काढायच्या आधी मागचा ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. चाक हलवताना पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला पेडल नुसतं खाली जातं. आमच्या सोसायटीचा उतार थेट गेटवर उतरतो आणि गेटवर वॉचमनचं टेबल आहे, एवढंच सांगतो.

पहिली फेरी छोटी. बिल्डिंगभोवती, मग जरा मोकळ्या रस्त्यावर. कुईं आवाज म्हणजे घट्ट, टक्क म्हणजे ढिला, एका लयीत चिकचिक म्हणजे कडेला घासतोय किंवा खडा अडकलाय. परत आल्यावर बेल्ट थंड होऊ द्या आणि परत मोजा, मग १०० एक किमी झाल्यावर अजून एकदा.

चेनवाल्यांसाठी दोन ओळी, कारण घरातली दुसरी गाडी बहुतेक चेनचीच असते. क्रम तोच, तार आणि दोरी तीच. फरक असा की चेनला जोर मोजायची गरज नसते, हाताने वरखाली हलवून साधारण २० ते ३० मिमी ढील ठेवतात, नक्की आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे गेल्यावर ब्रेकचा रॉड ताणला जातो, तो परत सेट करावा लागतो, नाहीतर ब्रेक चिकटून चाक तापतं.

मी काय करतो, एका जुन्या डायरीच्या पानावर तारीख, किलोमीटर, तीन आकडे आणि ॲडजस्टर किती कडा फिरवला ते लिहितो, जूनच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा. ऑक्टोबरच्या नोंदीत बेल्टच्या दातांमधून निघालेल्या खड्यांची संख्या पण आहे. या वर्षी सात.